गावाचे जंगल, गावाची वही

पोळ्याचा दुसरा दिवस उजाडला, की पांढुर्ण्याचे नाव दूरदूरच्या वर्तमानपत्रांत झळकते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर निशाण चढते, आणि ते हस्तगत करण्यासाठी पांढुर्णा व सावरगाव या दोन तीरांवरची माणसे परस्परांवर दगडांचा वर्षाव करतात. गोटमारीच्या इष्टानिष्टतेविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या वादात शिरण्याचा माझा हेतू नाही. मला त्या दिवशी एक निराळाच प्रश्न पडतो. एका पळसावर हक्क सांगण्यासाठी ज्या मुलखात एवढी ईर्ष्या उसळते, त्या मुलखाने उत्तरेच्या डोंगरउतारांवर उभ्या असलेल्या असंख्य पळसांवर, सागांवर व मोहांवर कधी हक्क सांगितला आहे काय? दगड हाती घेऊन नव्हे, कागद हाती घेऊन?

मी मूळची या भागातली नव्हे. कोकणी ही माझी मातृभाषा, आणि माझ्या मराठीतील हेल ऐकून नववीचा वर्ग अजूनही गालांतल्या गालांत हसतो, हे मला ठाऊक आहे. परंतु परक्या माणसाच्या दृष्टीस कधी कधी घरच्या माणसाला न दिसणारी गोष्ट दिसते. ५ ऑक्टोबर २०२३ पासून छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पांढुर्णा, सौंसर व नांदनवाडी या त्याच्या तहसिली. येथील सुशिक्षित गृहस्थांशी जिल्ह्याच्या उत्कर्षाविषयी बोलू लागावे, तर ते संत्र्याविषयी बोलतात, कापसाविषयी बोलतात, रस्त्याविषयी व कारखान्यांविषयी बोलतात. जंगलाचा विषय निघतो तो वाघ दिसल्याची वार्ता आली तरच. जणू सातपुड्याचा तो हिरवा काठ म्हणजे कोणी तरी दुसऱ्याने आपल्या भिंतीवर टांगलेले चित्र आहे!

वस्तुतः या भूमीशी वनस्पतींचे नाते किती जुने आहे, हे जाणून घ्यावयाचे असेल तर आपल्याच तहसिलीचे नाव विज्ञानाच्या ग्रंथांत शोधावे. १९४३ साली बिरबल सहानी व एच. एस. राव या शास्त्रज्ञांनी सौंसरच्या परिसरातील कठीण गारखडकांत सापडलेल्या वनस्पतींच्या अश्मरूप अवशेषांवर प्रबंध प्रसिद्ध केला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात, येथील तळ्यांच्या काठी जे काही हिरवे वाढत होते, त्याची ती मुद्रा होय. असो. त्या अरण्याचा मालक कोण, हा प्रश्न तेव्हा नव्हता. तो प्रश्न गेल्या दीडशे वर्षांतला आहे.

मार्च महिन्यात, नेमक्या परीक्षेच्या दिवसांत, मोहाची फुले गळू लागतात. ती पहाटे गळतात व पहाटेच वेचावी लागतात; त्यामुळे डोंगराकडील खेड्यांतून येणाऱ्या काही मुलांच्या जागा पहिल्या तासाला रिकाम्या असतात. हजेरीपटावर आपण ‘गैरहजर’ असे लिहितो. हा मुलगा त्या वेळी घरच्या वर्षभराच्या मिळकतीतील एक मोठा वाटा गोळा करीत असतो, हे लिहिण्यास पटावर रकाना नाही. मोह संपला, की एप्रिलच्या अखेरीपासून तेंदूपानांचा हंगाम. मग चारोळी, पुढे हिरडा, बेहडा, आवळा. विद्यार्थिमित्रांनो, तेंदूचा हिशेब तुम्हांला गणिताच्या पुस्तकात सापडणार नाही, म्हणून येथे देते. ५० पानांची एक गड्डी. अशा १,००० गड्ड्यांचा एक मानक बोरा, म्हणजे ५०,००० पाने. मध्य प्रदेश सरकारने २०२४ साली संकलनाचा दर मानक बोऱ्यास ४,००० रुपये केला. याचा अर्थ एका गड्डीस ४ रुपये आणि एका पानास ८ पैसे. आई, वडील व दोन मुले यांनी भल्या पहाटे निघून, दुपारभर पाने जुळवून, संध्याकाळी फडावर १०० गड्ड्या मोजून दिल्या, तर चौघांचे मिळून ४०० रुपये होतात. पाने मोजून घेणारा फडमुंशी एखादी गड्डी खराब म्हणून बाजूला फेकतो, तेव्हा ४ रुपये फेकले जातात.

हा व्यापार राज्याने १९६४ च्या कायद्याने आपल्या हाती घेतला, १९८४ साली लघु वनोपज संघ स्थापन केला, व पुढे प्राथमिक सहकारी समित्या निर्माण करून नफ्यातील वाटा ‘बोनस’ म्हणून संकलकांना देण्यास प्रारंभ केला. खाजगी ठेकेदाराच्या अंमलापेक्षा हे निःसंशय बरे झाले. पण एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पान तोडणाऱ्यास मजुरी मिळते, पुढे बोनसही मिळतो. परंतु झुडपांची छाटणी केव्हा करावी, कोणता भाग यंदा विसाव्यासाठी सोडावा, पाने कोणास विकावी, यांपैकी एकाही बाबतीत त्याला विचारले जात नाही. तो वाटेकरी आहे, व्यवस्थापक नाही. माझ्या या लेखाचे सारे म्हणणे या दोन शब्दांमधील अंतराविषयी आहे.

हे अंतर निर्माण कसे झाले? इंग्रजी अमलात, १८६५ साली, देशातील पहिला वनकायदा झाला; त्याच वर्षी आपल्या सातपुड्यातील बोरीचे जंगल राखीव करण्यात आले. १८७८ व १९२७ च्या कायद्यांनी ती पकड अधिक घट्ट केली. मध्य प्रांतात त्याबरोबरच मालगुजारांची जंगले होती. तेथे गावकऱ्यांना जळण, गवत, काटेकुटे, औताचे लाकूड घेण्याची जी वहिवाट होती तिला ‘निस्तार’ म्हणत, आणि ती वाजिब-उल-अर्ज नावाच्या दस्तऐवजात नोंदली जाई. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली व तिची जंगले सरकारजमा झाली. जमीनदारी जाणार अशी चाहूल लागताच अनेक मालगुजारांनी उभे जंगल तोडून पैसे केले, हाही त्या इतिहासाचा एक भाग आहे. पुढे या जमिनींपैकी कोणती वनखात्याची व कोणती महसूलखात्याची, याचा घोळ इतका वाढला की नकाशावर अशा क्षेत्रांना नारिंगी रंग देण्यात आला. आपल्याकडे नारिंगी म्हटले की संत्र्याची बाग डोळ्यांपुढे येते. सरकारी दप्तरात नारिंगी म्हणजे कोणाचे आहे ते ठरलेले नाही असे जंगल!

लोकांनी हे निमूटपणे सोसले असे नाही. १९३० च्या जंगल सत्याग्रहात पुसदला बापूजी अणे यांनी गवत कापून कायदा मोडला. शेजारच्या शिवनी जिल्ह्यात तुरिया येथे ९ ऑक्टोबर रोजी गोळीबार झाला, त्यात चार जण मृत्युमुखी पडले व त्यांपैकी तीन स्त्रिया होत्या. आणि आपल्या सौंसर तहसिलीतील रामाकोना येथे जंगल कायदा मोडला म्हणून त्याच वर्षी बादल भोई यांना पकडण्यात आले. ते चांद्याच्या तुरुंगात पाठवले गेले व १९४० साली तुरुंगातच त्यांचा अंत झाला. छिंदवाड्याच्या आदिवासी संग्रहालयास त्यांचे नाव आहे, सहलीला गेलेल्या मुलांनी ते वाचलेही असेल. रामाकोन्याचे स्थानक गाडीच्या खिडकीतून पाहताना मात्र ते नाव कोणास आठवत असेल असे वाटत नाही.

स्वराज्यानंतरही चार दशके जंगल सरकारचेच राहिले. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने प्रथमच लोकांच्या गरजांना अग्रस्थान दिले. १९९१ पासून मध्य प्रदेशात गावोगाव वनसमित्या उभ्या राहिल्या. पण त्या शासनाच्या ठरावाने जन्मल्या, त्यांचा सचिव वनखात्याचाच कर्मचारी, आणि ठरावाने दिलेले ठरावाने काढून घेता येते. २००६ साली संसदेने केलेला वनहक्क कायदा ही सर्वस्वी निराळी वस्तू आहे. वहितीखालील वनजमिनीचा हक्क त्याने दिला, निस्तार मान्य केला, गौण वनोपजाची मालकी दिली, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, परंपरेने वापरात असलेल्या जंगलाचे संरक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. शिवाय पांढुर्णा तहसिलीतील बरेचसे व सौंसर तहसिलीतील काही पटवारी हलके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे पेसा कायदाही लागू आहे, व त्याचे नियम राज्याने १५ नोव्हेंबर २०२२ रोजी अमलात आणले.

एवढे सारे असताना खेड्यात वनहक्क म्हटले की लोक एकच शब्द जाणतात: पट्टा. अमक्याला दोन एकरांचा पट्टा मिळाला, तमक्याचा दावा फेटाळला. वैयक्तिक पट्टा ज्याला न्यायाने मिळावा त्याला मिळालाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु पट्ट्याच्या मागे लागून गावाने आपल्या सामूहिक जंगलाचा दावाच लिहू नये, हे घराच्या ओसरीसाठी भांडत राहून घर विसरण्यासारखे आहे.

सामूहिक हक्क घेऊन गाव काय करू शकते, हे पाहण्यास फार दूर जावे लागत नाही. आपल्या दक्षिण सीमेपलीकडे विदर्भच आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकण्यास लागणारा वाहतूक परवाना गावाला मिळेना. देवाजी तोफा व त्यांच्या गावकऱ्यांनी हट्ट सोडला नाही, आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांना त्या गावी येऊन परवान्याची पुस्तके ग्रामसभेच्या हाती द्यावी लागली. या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत. सर्वांची संमती होईपर्यंत चर्चा चालते. शिवाय गावात अभ्यासगट आहे, तेथे कायदा वाचला जातो. ज्यांना आपण अडाणी म्हणतो, त्यांनी रात्री कंदिलाभोवती बसून कायद्याची कलमे समजून घेतली, आणि आपण पदवीधर मंडळी वर्तमानपत्राचा क्रीडाविभाग वाचून उठतो!

सातपुड्याच्याच कुशीत, अमरावती जिल्ह्यात, पायविहीर आहे. त्या गावाला २०१२ साली सुमारे १९३ हेक्टर उजाड झालेल्या जंगलाचा हक्क मिळाला. गावाने चराईला व तोडीला आळा घातला, झाडे लावली, सीताफळे एकत्र करून विकली. २०१४ साली त्या गावाला जैवविविधतेसाठी राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावची कथा मला याहूनही विचार करण्याजोगी वाटते. त्या गावाला सुमारे १,००० हेक्टरांचा हक्क मिळाला, बांबूतून उत्पन्न सुरू झाले, आणि मग ग्रामसभेने तेंदूपाने तोडणेच बंद केले. पानांसाठी झाडे छाटली जातात, नवी पालवी यावी म्हणून वणवे लावले जातात, फळे धरत नाहीत व पाखरांचे अन्न जाते, असा त्यांचा विचार. हा निर्णय आपल्याकडे जसाच्या तसा उचलावा असे मी म्हणत नाही. ज्यांच्याकडे बांबू नाही त्यांनी तेंदू सोडून खावे काय? मला महत्त्व वाटते ते निर्णय घेण्याच्या शक्तीचे. आलेला पैसा नको म्हणण्याचा अधिकार मजुराला नसतो. तो धन्यालाच असतो.

आता माझ्या प्रांतातील एक गोष्ट सांगते. ती येथे अप्रस्तुत नाही. गोव्यात गांवकारी नावाची फार प्राचीन संस्था आहे. गावची शेते, खाजण जमिनी, त्यांचे बांध व पाण्याची दारे, ज्यांना आमच्याकडे मानस म्हणतात, हे सारे गांवकारांच्या मालकीचे व देखरेखीचे असे. पोर्तुगीज आले तेव्हा ही व्यवस्था जुनीच होती. १५२६ साली अफोंसो मेशिया याने तिचे नियम लिहून घेतले. उत्पन्नातून खर्च वजा जाता उरलेला भाग गांवकारांना वाटला जाई, त्याला झोण म्हणतात. प्रारंभी झोण हे कामाचे फळ होते. पुढे गांवकारांचे वंशज मुंबईला गेले, पलीकडे आफ्रिकेला गेले, आणि झोण तेवढी त्यांच्या नावे राहिली. बैठकीला कोणी येईना; बांध फुटला तर तो बांधण्यास माणूस मिळेना, खारे पाणी शेतात शिरू लागले. स्त्रियांना व बाहेरून येऊन गावात कष्टणाऱ्यांना तर त्या वाट्यात स्थानच नव्हते, त्यामुळे संस्था ढासळताना हळहळणारेही थोडेच निघाले. कामाचा संबंध तुटून केवळ वाटा शिल्लक राहिला, की सामाईक मालमत्ता कशी निष्प्राण होते, याचे हे उदाहरण माझ्या घराच्या परसाबाहेर आहे. म्हणून बोनसची रक्कम वाढली अशी बातमी वाचून इतरांना आनंद होतो, तसा मला निर्भेळ आनंद होत नाही. रक्कम अवश्य वाढावी. पण बोनस घरी येतो आणि जंगलाकडे पाहण्याचे कारण उरत नाही, अशी स्थिती आली तर आपण सातपुड्यात झोणच आणून ठेवली असे होईल.

यावर हमखास आक्षेप येतो: ‘गावाच्या हाती जंगल द्या, महिनाभरात उभे झाड दिसणार नाही.’ १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी सामाईक कुरणाच्या नाशाविषयी असाच सिद्धान्त मांडला होता. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने जगभरच्या सामाईक कुरणांचा, पाटांचा व वनांचा अभ्यास करून दाखवले, की वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, देखरेख ठेवली व दंड बसवला, तर अशी मालमत्ता शतकानुशतके टिकते. त्याबद्दल २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नाश होतो तो सामाईकपणामुळे नव्हे, नियम नसल्यामुळे. आपल्या चारोळीचेच पाहा. फळ पिकू द्यावे तर दुसरा कोणी आधीच नेईल, या भीतीने प्रत्येकजण कच्चेच ओरबाडतो, फांद्याही मोडतो. दाणा बारीक राहतो, भाव पडतो, रोपे उगवत नाहीत. हे सर्वांना कळते, पण एकट्याने थांबून उपयोग नसतो. अमुक तिथीपूर्वी चारोळीला हात लावू नये, असे ग्रामसभेने ठरवले तर मात्र थांबण्यात नुकसान कोणाचेच नाही. तीच गोष्ट मोहाखाली पालापाचोळा पेटवण्याची. फुले स्वच्छ वेचता यावीत म्हणून लावलेली आग रात्री डोंगर चढून जाते. खाली जुने कापड किंवा जाळे अंथरले तर आगीची गरजच पडत नाही.

मात्र गावात सारेच साधुसंत राहतात, असाही माझा समज नाही. जेथे सभा कागदावरच भरतात, जेथे वेचायला बायका व बोलायला पुरुष अशी वाटणी असते, तेथे हक्क मिळूनही चार घरांचेच उखळ पांढरे होईल. कायद्याने ग्रामसभेच्या गणपूर्तीत एक-तृतीयांश स्त्रिया आवश्यक ठरवल्या आहेत, ते उगाच नव्हे. मोह कोणत्या ओढ्याकाठी लवकर गळतो हे त्यांनाच ठाऊक असते. वनखात्याच्या ज्ञानाचीही गरज लागेल. घाणेरीने व्यापलेला उतार मोकळा कसा करावा, बांबूच्या बेटात किती काठ्या राखाव्या, हे अनुभवी नाकेदार उत्तम सांगू शकतो. त्याने सल्लागार म्हणून यावे, साहेब म्हणून नव्हे. आणि संत्र्याच्या बागाइतदारांनीही हे दूरच्या आदिवासींचे गाऱ्हाणे समजू नये. डोंगर उघडा पडला, तर पावसाचे पाणी मुरण्याऐवजी धावत सुटेल, आणि त्याची पहिली झळ त्यांच्याच विहिरींना लागेल.

प्रश्न निकडीचा आहे, त्याचे कारण वेगळेच. सामूहिक दाव्यासाठी पुरावा लागतो. त्यात निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांची नक्कल चालते, आणि वडीलधाऱ्या माणसांचे लेखी निवेदनही कायद्याने ग्राह्य धरले आहे. आदिवासींखेरीज इतरांना तर तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. गवत कोणत्या माळावरून येई, देव कोणत्या झाडाखाली होता, मालगुजाराचा शिपाई कोठे अडवी, हे सांगू शकणारी माणसे आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. दर पावसाळ्यात त्यांतले कोणी तरी जाते, आणि त्याच्याबरोबर गावाचा पुरावा जातो.

येथे मला आपल्या विद्यालयातील मुलामुलींची आठवण होते. डोंगराकडील कित्येक खेड्यांत सफाईने लिहू शकणारी माणसे म्हणजे तुम्हीच आहात. उन्हाळ्याच्या सुटीत एक दोनशे पानी वही घ्यावी. आजोबा-आजी, शेजारचे म्हातारे, गावचा कोटवार यांच्याकडून जंगलाची हद्द, पाणवठे, चराईच्या वाटा विचारून घ्याव्या. सांगणाऱ्याचे नाव, वय व तारीख घालून लिहाव्या व त्याची सही किंवा अंगठा घ्यावा. दुसऱ्या भागात त्या वर्षी गावात किती मोह आला, कोणत्या बाजारी कोणत्या भावाने गेला, किती मानक बोरे फडावर जमा झाले, ते मांडावे. ही वही ग्रामसभेत वाचून दाखवावी व तेथेच ठेवावी. निस्तारपत्रकाची नक्कल मिळवण्यास तहसील कचेरीत अर्ज करावा लागतो. तो हिंदीत लिहावा लागेल. पण अर्जलेखन तुमच्या दोन्ही भाषांच्या पुस्तकांत आहे, आणि मसुदा तपासून हवा असल्यास मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत आणावा. मी तेथे असते.